डोंगरावरचा धूर आणि सायलेन्सरचा धूर

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, जालन्यासारखं उन्हाचं गाव, आणि बोलायचं काय, तर बर्फात ट्रक कसा चालू करायचा! पण त्याला कारण घडलं. माझा एक जुना विद्यार्थी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे. त्याची गाडी नोव्हेंबरात लेहला गेली होती. पहाटे ड्रायव्हरनं कुणाच्या तरी फोनवरून सांगितलं, "शेठ, टाकी अर्धी भरलेली आहे, बॅटरी नवी आहे, तरी गाडी उठेना." विद्यार्थी मला म्हणाला, "सर, डिझेल आहे आणि गाडी चालत नाही, असं कसं?" मी म्हटलं, बाबा, हा तर न्यायशास्त्राचा प्रश्न आहे.

आपले नैयायिक डोंगरावरचा धूर पाहून तिथे अग्नी असल्याचं अनुमान करतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलट म्हणता येईल का, की जिथे अग्नी तिथे धूर? नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. आपल्या रोलिंग मिलमधली लालबुंद सळई डोळ्यांपुढे आणा. मग चुलीत धूर का होतो? कारण सरपण ओलं असतं. या लपलेल्या अटीला न्यायात 'उपाधी' म्हणतात. नियम खरा वाटतो, पण तो एका अटीवर उभा असतो, आणि ती अट आपल्याला दिसत नाही.

"डिझेल असलं की गाडी चालते" हा आपला जालन्याचा नियम. त्याची उपाधी म्हणजे ऊब. इथे पारा दहाच्या आसपास आला की आपण स्वेटर काढतो. म्हणजे ही अट इथे रोज आपोआप पुरी होते. म्हणून आपला चांगला मेस्त्रीसुद्धा तिचा विचार करत नाही. त्यात त्याची चूक नाही, त्याचा अनुभवच तसा आहे.

आता थंडीत नेमकं काय होतं ते बघू. खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीत थिजतं, हे घरोघरी माहीत आहे. डिझेलमध्येही मेण असतं. थंडी वाढली की आधी मेणाचे बारीक कण सुटतात आणि डिझेल गढूळ दिसतं. टाकीतलं डिझेल अजून पातळच असतं, पण ते कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि वाट बंद होते. टाकी भरलेली, इंजिन उपाशी! आपल्याकडच्या मानकात डिझेलचा प्रवाहबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान, हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश ठरवलेलं आहे. लडाखच्या थंडीला ते पुरत नाही. म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. त्याचा प्रवाहबिंदू उणे ३३ अंश आहे.

मग दोष शोधायचा कसा? क्रमानं. सेल्फ मारा आणि आधी ऐका. इंजिन जड, सावकाश फिरतंय? मग संशय बॅटरीवर किंवा घट्ट झालेल्या ऑइलवर. गोठवणाऱ्या थंडीत नव्या बॅटरीचीही ताकद बरीच उतरते. इंजिन नीट फिरतंय? मग सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय, पण जळत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच पेट घ्यायचा असतो, आणि गार लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. तेव्हा हीटर तपासा, थोडं थांबून परत प्रयत्न करा. धूर अजिबातच नाही? मग बहुधा डिझेल पोचतच नाही, फिल्टर बघा. 'बहुधा' म्हणतो, कारण इथेही उपाधी आहे. नव्या गाडीत फ्यूज किंवा सेन्सर गेला तरी धूर येत नाही.

फिल्टर थिजला असेल तर बदला, किंवा गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्याला गुंडाळा. टाकीखाली जाळ करू नका. जुनी माणसं रॉकेल मिसळायची. नव्या पंपाला आणि नोझलला डिझेलचंच वंगण लागतं, ते रॉकेलनं कमी होतं. त्यापेक्षा खालून भरलेलं डिझेल संपत आणा, वर हिवाळी डिझेल भरा, आणि ते फिल्टरपर्यंत पोचेल इतकी गाडी चालवूनच रात्रीला उभी करा. टाकीत नवं आणि फिल्टरमध्ये जुनं, असं राहिलं तर सकाळी पुन्हा तेच. एअर टाकीतलं पाणी रोज काढा, नाहीतर ते गोठून ब्रेक अडतील. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंट निम्मं तरी हवं. बीएस-६ गाडीतलं युरियाचं द्रावण उणे ११ अंशांना गोठतं. त्यात गरम पाणी ओतू नका, इंजिन तापलं की गाडीची यंत्रणाच ते वितळवते.

आणि शेवटची गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. गाडी उठली नाही की माणूस गारठतो, आणि बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन झोपतो. इथे धुराचा नियम जीव घेतो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं अनुमान करणारा माणूस सकाळी उठत नाही. शेगडी केबिनमध्ये न्यायचीच नाही. जाड पांघरूण बरोबर ठेवा, जवळच्या ढाब्यावर किंवा वस्तीत आसरा मागा.

त्या ड्रायव्हरनं धूर पाहिला होता का, असं मी विचारायला लावलं. उत्तर आलं, "धूर नव्हता." फिल्टर बदलला, ऊन वर आलं, गाडी निघाली. तुमच्या घरातलं कुणी उत्तरेकडे गाडी नेत असेल, तर एक नवा फिल्टर आणि ही शेगडीची गोष्ट त्याच्याबरोबर द्या. आता प्रश्न घेऊ.