कुस्तीतील खिलाडूवृत्ती

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी नामपूर हे गाव वसले आहे. या भागात यात्रा भरली, की कुस्त्यांची दंगल ओघानेच येते. ढोल वाजू लागतो, माणसांचे कडे पडते आणि हायस्कुलात शिकणारी मुलेदेखील लांग कसून आखाड्यात उतरतात. कोण जिंकला, हे सारेच पाहतात. परंतु जाणता वस्ताद आणखी एक गोष्ट न्याहाळीत असतो. आपला पठ्ठ्या आखाड्यात कसा उतरला आणि तेथून कसा बाहेर पडला, ही ती गोष्ट होय.

कुस्तीत दोन मल्लांची अंगे एकमेकांस भिडतात. प्रतिपक्ष्याची मान, हात, गुडघा हे सारे काही क्षण आपल्या हाती येते. मनात आणले, तर आपण त्याला जन्माचा अधू करू शकतो. म्हणूनच या खेळात बळाइतकाच संयमही लागतो. आखाड्याची मातीसुद्धा ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते. पडणाऱ्याला इजा होऊ नये, हाच त्यातील हेतू. ज्या खेळातील माती पडणाऱ्याची एवढी काळजी वाहते, त्या खेळातील माणसाने ती वाहू नये काय?

मल्ल प्रथम माती कपाळी लावतो, वस्तादांना वंदन करतो आणि प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवतो. गादीवरील शालेय स्पर्धांतही कुस्तीच्या आधी व नंतर हस्तांदोलन करण्याचा नियम आहे. केस ओढणे, बोटे मुरगळणे, गळा आवळणे, चावा घेणे या गोष्टी निषिद्ध आहेत; कारण त्यांत कौशल्य नाही, केवळ क्रौर्य आहे.

विजय पचविणे सोपे नसते. २०२० च्या जानेवारीत पुण्यास महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अंतिम कुस्ती झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके हे दोघे एकाच वस्तादांचे, काका पवारांचे, शिष्य. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने आपल्या पराभूत मित्रालाच खांद्यावर उचलून घेतले. मैदानात दोघेही जिवाच्या आकांताने लढले होते. पण कुस्ती संपताच वैर उरले नाही.

पराभव पचविणे त्याहून कठीण. आणि अन्याय झाल्यासारखे वाटत असता तो पचविणे तर सर्वांत कठीण. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्पर्धेत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव एक कुस्ती खेळून थकले होते. तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव याच्याशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु त्यांची बाजू मांडणारा भारतीय अधिकारी तेथे नव्हता. खाशाबा तसेच उतरले, लढले आणि हरले. तरीही त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

याच्या उलट २०२५ साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निर्णय न पटल्याने एका मल्लाने पंचाला लाथ मारली. त्या स्पर्धेतील गैरवर्तनाबद्दल दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. निर्णय योग्य होता की नाही, यावर पुष्कळ वाद झाला. पण रीतसर दाद मागण्याचा हक्क असताना ज्याने पाय उगारला, त्याची बाजू खरी असली, तरी ती ऐकणार कोण?

मुलांनो, पंच हाही माणूसच आहे. त्याची चूक होऊ शकते. चूक वाटली, तर आपल्या शिक्षकांकरवी शांतपणे दाद मागावी. तोवर निर्णय मानावा. जिंकलात, तर पडलेल्यास हात देऊन उठवा. हरलात, तर जिंकणाऱ्याची पाठ थोपटा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तालमीत हजर राहा. अंगाला लागलेली माती आंघोळीने निघून जाते. वागणुकीला लागलेला डाग मात्र सहजी निघत नाही.