साक्ष देताना ऐट घरी ठेवा

कुंभकोणमहून बोलतोय. आज विषय आहे अपघाताच्या दाव्यातल्या साक्षीचा.

महामहम तळ्याजवळ आमच्या फुलवाल्या अक्कांना एका गाडीनं उडवलं, पाय कायमचा अधू झाला. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून साक्षीदार झालो.

अशा दाव्यात तुमचं म्हणणं आधी प्रतिज्ञापत्रावर लिहून देतात. ही झाली सरतपासणी. वकिलानं लिहिलेलं आहे म्हणून न वाचता सही करू नका, कारण उलटतपासणी त्याच कागदावरून होते.

विमा कंपनीच्या वकिलांनी मला विचारलं, "गाडी किती अंतरावर होती?" मी फौजी ऐटीत म्हणालो, "तीस मीटर." "मोजलं होतंत?" मला घाम फुटला. कबूल केलं, "नाही, अंदाज सांगितला." तिथेच सुटलो. ताठा धरला असता तर त्याची किंमत अक्कांना मोजावी लागली असती.

म्हणून सांगतो. प्रश्न पूर्ण ऐका. विचारलं तेवढंच सांगा. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, त्यात लाज नाही. "हो की नाही?" असे सूचक प्रश्न उलटतपासणीत चालतात, रागावू नका. इथल्या कोर्टाची भाषा तमिळ. ती नीट येत नसेल तर दुभाषा मागा, अर्धवट समजून मान डोलवू नका.

जखमी माणूस स्वतः साक्ष देत असेल तर दुखणं फुगवू नये, लपवूही नये. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि बुडालेली कमाई एकच नसते. म्हणून आधी काय काम करत होतो आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे सांगा. अक्का एवढंच म्हणाल्या, "पहाटे बाजारात फुलं आणायला जाता येत नाही."

आणखी एक. आमच्या गावातल्या शाळेला 16 जुलै 2004 ला आग लागली, 94 मुलं गेली. फौजदारी खटल्याचा निकाल लागला 30 जुलै 2014 ला. दहा वर्षं! इतक्या काळात आठवण पुसट होते. म्हणून अपघात पाहिलात तर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर लिहून ठेवा. कोर्टाच्या परवानगीनं त्या टिपणावर नजर टाकून आठवण ताजी करता येते. मात्र ते टिपण समोरच्या वकिलालाही पाहता येतं.

शेवटी तुमची नोंदलेली साक्ष वाचून घ्या. चूक असेल तर सहीआधी तिथेच सांगा.

साक्षीला जायचा कंटाळा करू नका, मंडळी. तुमच्या एका सकाळवर कुणाचं तरी घर उभं असतं.

जय हिंद.