ठिणगी कुठे हरवली?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांवर चढतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. अशाच एका दिवशी दुपारच्या पेपरसाठी नागपूरला निघालेला माझा भाचा पवनारला, धाम नदीच्या पुलापाशी अडकला. त्याची जुनी सहा व्होल्टची मोटारसायकल बंद पडली होती. सावलीत थोडा वेळ उभी केल्यावर ती पहिल्याच किकला सुरू झाली आणि सेलूच्या अलीकडे पुन्हा बंद! शेवटी गाडी एका टपरीवर सोडून त्याने एस.टी. पकडली. पेपरचा पहिला अर्धा तास बुडाला.

चूक माझी होती. भाच्याने गाडीला मोठी टाकी बसवली, तेव्हा टाकीखालच्या इग्निशन कॉइलला जागा उरली नाही. “मामा, हिला कुठे बसवू?” त्याने विचारले. प्लगकडे जाणारी तार आखूड असावी, एवढेच मला आठवले आणि मी ती इंजिनाच्या डोक्याजवळ कसायला सांगितली.

कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तारेची दोन वेटोळी. प्राथमिक वेटोळ्यात जाड तारेचे काहीशे वेढे, तर दुय्यम वेटोळ्यात केसासारख्या तारेचे हजारो. बॅटरीचा प्रवाह प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो, तेव्हा चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळते आणि फॅरडेने 1831 मध्ये शोधलेल्या प्रवर्तनाने दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. प्लगच्या फटीत ठिणगी पडते ती ही.

आता उष्णतेचा हिशेब करा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. कॉइल 30 अंशांवरून 80 अंशांवर गेली, तर 1.5 ओहमचा रोध 1.8 होतो आणि 4 अँपिअरचा प्रवाह 3.3 वर येतो. क्षेत्रात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ती जवळजवळ 30 टक्क्यांनी घटते! शिवाय तापून तारांवरचे रोधक अस्तर कमकुवत झाले, तर ठिणगी आतल्या आतच फुटते.

मेकॅनिकने प्लग काढून पाहिला, ठिणगी दिसली, म्हणून त्याने कार्बुरेटर दोनदा धुतला. पण उघड्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबलेल्या वायूत पडेलच असे नाही. तिथे अधिक व्होल्ट लागतात. (हा प्रयोग तुम्ही करू नका. पेट्रोलजवळ ठिणगी नको, आणि त्या तारेला हात तर नकोच. मी एकदा लावला आहे.)

कॉइल आता सीटखाली, वारा लागेल अशा बाजूला आहे. बॅटरीकडची तार मुद्दाम जाड घेतली. वाटेत नुसता 0.15 ओहम रोध असला तरी सहांपैकी 0.6 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. प्लगची तार मात्र लांबली. तार आणि सांगाडा मिळून एक लहानसे धारित्र बनते व थोडी ऊर्जा खाते, म्हणून ती रबरी कड्यांत घालून सांगाड्यापासून आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर धरली आहे.

पुढच्या मे महिन्यात भाचा भर दुपारी नागपूरला जाऊन आला. त्याने मला मागे बसवले होते, हातात पान्यांची पिशवी देऊन.