नळातून पाणी वाहताना दाखवा

चित्रात ओटा, नळ, भांडी. संगणकतज्ज्ञाच्या लेखी हे भांडी घासण्याचं काम. बंगळूरच्या वस्त्यांतल्या घरकामगार बायकांना मात्र त्यात नुसतं स्वयंपाकघर दिसलं. मग नळातून पाणी वाहू लागलं, किटलीतून वाफ निघू लागली, तेव्हा कुठे चित्रातलं काम त्यांना ओळखू आलं.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर केंद्रात 2006च्या सुमारास इंद्राणी मेधी आणि त्यांचे सहकारी लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी कामधंद्याची माहिती देणारा संगणकाचा पडदा घडवत होते. अक्षरं काढून टाकली. आकडे ठेवले, कारण आकडे बायकांना कळत होते. जोडीला आवाज दिला. तरी एक गाठ सुटेना: या यंत्रात कामाची माहिती येते कुठून? अखेर मालकीण काम कळवते इथपासून कामवालीला ते मिळतं इथपर्यंतची सगळी गोष्ट चित्रफितीतून दाखवली, तेव्हा बायका पडदा विश्वासानं वापरू लागल्या. माणसांसाठी यंत्रं घडवण्याच्या या शाखेतला सगळ्यात मोलाचा धडा मला हाच वाटतो, आणि तो शिकवला वस्तीतल्या बायकांनी.

आपल्या महाराष्ट्रातल्या वारणेच्या ऊसपट्ट्याचा अनुभवही असाच बोलका आहे. 1998मध्ये तिथे सरकारी पाठबळानं गावोगावी संगणक केंद्रं उभी राहिली, त्यांचा गाजावाजाही खूप झाला. पुढे संशोधकांनी पाहिलं, तर ऊस उत्पादकाला हवी होती ती आपल्या उसाच्या वजनाची आणि खताच्या हिशेबाची माहिती. तेवढ्यासाठी संगणक कशाला? सात गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर चालवून पाहिलं. खर्च घटला, सोय वाढली, शेतकऱ्यांनाही ते जास्त आवडलं. शेतकऱ्याला काय हवं याची पाहणी केंद्रं उभारण्याआधी व्हायला हवी होती.

लोकांना आधीच येतं त्यावरही यंत्र उभं करता येतं. आयआयटी मुंबईत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'स्वरचक्र' हा कळफलक शाळेतल्या वर्णमालेवर उभा आहे. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की फुलतात. इंग्रजी कळफलक आधी शिकण्याची अट नाही.

2019मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो. मोबाइलला नवख्या असलेल्या ग्रामीण लोकांना हस्तलिखित मराठी-हिंदी शब्द टंकायला दिले, पैसे देऊन. साध्या, स्वस्त स्मार्टफोनवर दोन आठवड्यांत त्यांनी 96.7 टक्के अचूकता गाठली आणि त्यांचं काम व्यावसायिक संस्थेच्या तोडीचं ठरलं. उत्साह इतका की कामाच्या वेळेला मर्यादा घाला, असं संशोधकांनाच सुचवावं लागलं.

इथे माणसं अभ्यासाचा नमुना नव्हती, कामकरी होती. त्यांच्या कामाचे त्यांना पैसे मिळत होते. डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच माझी विनंती आहे: वस्तीत चाचणी घ्यायला जाल तेव्हा समोरच्या बाईचा बुडालेला रोज आधी भरून द्या, आणि तिच्याकडून शिकून जे घडवाल ते दाखवायला तिच्या दारी परत जा.