शिक्षेचं गाव

सरकारी कचेरीत साहेब चिडले की हाताखालच्या माणसाला ऐकवायची एक धमकी महाराष्ट्रभर चालते: गडचिरोलीला बदली करीन! पोलीस खात्यात ती तर फारच मुरलेली. हा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे वयानं तसा तरुणच. तरी त्याचं नाव नोकरदारांच्या बोलीत शिक्षेचा दुसरा शब्द होऊन बसलं. याचं मला फार नवल वाटतं, कारण आपल्याच राज्यातल्या आणखी एका गावाचं नाव शिपायांच्या तोंडी पडून असंच बदललं होतं, आणि ते थेट इंग्लंडला पोचलं.

ते गाव म्हणजे नाशिकजवळची देवळाली. ब्रिटिश शिपायाची हिंदुस्थानातली मुदत भरली की मायदेशी धाडण्याआधी त्याला तिथल्या छावणीत आणून ठेवत. पण जहाजं ठरावीक हंगामातच सुटत. हंगाम संपल्यावर ज्याची मुदत भरे, त्याचे महिनेच्या महिने तिथे जात. हातात हत्यार नाही, नेमून दिलेलं काम नाही. कधीमधी सामानाची तपासणी, नाहीतर एखादा रूट मार्च. फ्रँक रिचर्ड्स या शिपायानं १९३६ साली ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत लिहून ठेवलंय, की वर्षानुवर्षं चोख नोकरी केलेली माणसंसुद्धा या रिकामपणात बिघडत आणि घरी जाण्याआधी तुरुंगवास भोगत. या अवस्थेला शिपाई ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप! पुढे टॅप गळून पडला. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत आजही नुसतं ‘डूलाली’ म्हणतात.

लढाई संपली, नोकरी संपली, आता फक्त घरी जायचं, आणि नेमकं तिथे माणूस खचतो. सुटी मंजूर आहे पण वाट बंद आहे, या एवढ्याशा गोष्टीत केवढं बळ असावं, की तिनं एका भाषेला नवा शब्द द्यावा! गडचिरोलीतल्या भामरागडच्या पावसाळ्यात हे सहज कळतं. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या तिथे भेटतात. पर्लकोटेचं पाणी पुलावरून वाहू लागलं की आलापल्लीकडचा रस्ता तुटतो. मग सुटीचा कागद खिशात असलेल्या जवानालाही नदीचीच परवानगी लागते. रस्ता कोरडा असला तरी निर्धास्त नसतोच. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. म्हणून इथे रस्ता आधी पायी तपासावा लागतो. त्या कामाला ‘रोड ओपनिंग’ असं अगदी साधं नाव आहे. त्या नावाच्या साधेपणापुढे मी नेहमी थबकतो.

राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा याच जिल्ह्याचा, त्यामुळे तापाचंही इथल्या तैनातीशी जुनं नातं. त्यावरून दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा सांगायलाच हवा. अमेरिकन सैनिकांनी ‘स्नाफू’ हा शब्द घडवला होता. सगळा घोळ आहे, म्हणजे परिस्थिती नेहमीसारखीच आहे, अशा अर्थाच्या वाक्यातली आद्याक्षरं जोडलेली. सेनेनं हा वैतागाचा शब्द दडपला नाही, उचलला! १९४३ ते १९४५ या काळात ‘प्रायव्हेट स्नाफू’ नावाच्या धांदरट शिपायाचे व्यंगपट काढले. त्यातल्या बऱ्याच पटांचं लेखन थिओडोर गायझेल यांचं, म्हणजे लहान मुलांचे लाडके डॉ. सूस. एका पटात स्नाफूची गाठ मलेरियाच्या डासाशी पडते. मच्छरदाणी लावा असं बजावणारं पत्रक शिपाई फेकून देईल, पण स्नाफूची फजिती पाहून हसेल आणि लक्षात ठेवील, हे कुणाला तरी नेमकं उमगलं होतं.

आपल्याकडच्या बराकींतही अशी शब्दांची दौलत आहे. जीव निघेपर्यंत पळवणं, रांगायला लावणं म्हणजे रगडा. पाठीवरचं ओझं म्हणजे पिठ्ठू, आणि कवायत शिकवणारा तो उस्ताद. रात्रीच्या पहारेकऱ्याची ‘हुकुमदार’ ही आरोळी इंग्रजी ‘हू कम्स देअर’मधून घडली, कानाला जसं ऐकू आलं, तसं आपल्या तोंडाला सोयीचं केलं. कागदावर पोलीस शिपायाचा ‘पोशि’ होतो, हवालदाराचा ‘पोहवा’, आणि जंगलातल्या पोलीस मदत केंद्राचं ‘पोमकें’. गडचिरोलीच्या बातम्या वाचायच्या तर ही अक्षरं यावीच लागतात. इथल्या नोकरीबद्दल वरची वेतनश्रेणी मिळते, तिचंही बोलण्यात नुसतं ‘एकस्तर’ होतं.

आता गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकाकडे पाहा. १९९० साली पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या काळात ६० जणांनिशी ते उभं राहिलं, म्हणून नावात ६०. त्यातली प्रत्येक तुकडी ‘पार्टी’ म्हणून, आणि तीही आपल्या कमांडरच्या नावानं ओळखली जाते. भरती याच मातीतली: गोंडी, माडिया बोलणारी, नदीनाले पायाखालचे असलेली मुलं. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे हिंदी बोलणारे जवान आणि राज्यभरातून आलेले मराठी अधिकारी त्यांच्याच शेजारी राहतात. बाकी साऱ्या राज्याला जे नाव धमकीसारखं वाटतं, ते या मुलांच्या जन्मदाखल्यावर असतं. एटापल्लीच्या पोराला गडचिरोलीला बदली करीन म्हणून कोण घाबरवणार? त्याला शिक्षाच करायची तर पुण्याला पाठवावं लागेल.