सर्व्हरला दोन नेट कनेक्शन, तरी साइट बंद का पडते?

तुमच्या मोबाइलवर वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही चालू असले, तरी फोन साधारणपणे वायफायच वापरतो. बाहेर जायचे रस्ते दोन असले, तरी कोणता घ्यायचा हे आधीच ठरलेलं असतं. दोन नेटवर्क कार्ड असलेल्या सर्व्हरचंही तसंच असतं. पण त्याला आलेल्या प्रत्येकाला उत्तरही द्यायचं असतं, आणि गोची तिथेच होते.

नेमकं काय घडतं?

समजा, भातकुलीतल्या एका संस्थेने प्रवेशअर्ज भरायला स्वतःचा सर्व्हर ठेवला. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट घेतलं. दोन कार्ड, दोन आयपी पत्ते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात पहिल्या कंपनीची फायबर तुटली. दुसरं नेट ठणठणीत आहे, पण त्याच्या पत्त्यावरूनही साइट उघडत नाही!

कारण सर्व्हरकडे रस्त्यांची एक यादी असते. तिला राउटिंग टेबल म्हणतात. ज्या ठिकाणासाठी यादीत खास रस्ता नाही, तिथे जाणारं सगळं 'डिफॉल्ट गेटवे'कडे जातं. डिफॉल्ट रस्ते दोन असतील, तर ज्याचा 'मेट्रिक' आकडा कमी, तो जिंकतो. इथे पहिलं नेट डिफॉल्ट होतं. फायबर दूर कुठेतरी तुटली, पण सर्व्हर ते मोडेम ही वायर शाबूत होती. त्यामुळे सर्व्हरला रस्ता चालूच वाटला. मागणी दुसऱ्या कार्डाने आत आली, उत्तर मात्र पहिल्या, तुटलेल्या रस्त्याने निघालं.

फायबर तुटलेली नसली, तरी हे उत्तर अडू शकतं. त्यावर पाठवणारा म्हणून दुसऱ्या कंपनीचा पत्ता असतो. खोट्या पत्त्याने होणारे हल्ले रोखण्यासाठी अनेक कंपन्या असा परका पत्ता पाहून पॅकेट टाकून देतात. ही शिफारस २००० सालापासूनची आहे.

तिकीट पाहून स्टेशन ठरवा

अमरावतीकरांना हे लगेच कळेल. पाहुण्याचं परतीचं तिकीट बडनेऱ्याहून सुटणाऱ्या गाडीचं आहे, आणि तुम्ही सवयीने त्याला अमरावती स्टेशनवर सोडलं. गाडी चुकणारच. नेहमीचा राउटिंग टेबल फक्त 'जायचं कुठे' हे पाहतो. 'तिकीट कुठलं' हे तो पाहत नाही.

उपाय म्हणजे 'पॉलिसी राउटिंग'. लिनक्समध्ये ही सोय १९९९ पासून आहे. प्रत्येक कार्डासाठी वेगळा टेबल करायचा आणि त्यात त्या-त्या कंपनीचा गेटवे लिहायचा. मग 'आयपी रूल'ने नियम घालायचा: ज्या उत्तरावर दुसऱ्या कार्डाचा पत्ता असेल, त्याने दुसरा टेबल वापरावा. म्हणजे ज्या दाराने आला, त्याच दाराने परत.

आणखी एक अडथळा 'आरपी फिल्टर'चा. तो कडक, म्हणजे १ वर असेल, तर आलेल्याला उत्तर ज्या कार्डाने गेलं असतं, त्याच कार्डाने तो आला आहे का हे लिनक्स तपासतं. नसेल, तर पॅकेट गुपचूप टाकून देतं. नियम घालूनही अडचण राहिली, तर हा आकडा २, म्हणजे सैल, करून पाहतात.

तपासायचं कसं?

मोबाइल डेटावरून दोन्ही पत्ते एकेक करून उघडून पाहा. मग मोडेमची बाहेरची, कंपनीकडून आलेली वायर काढून पुन्हा पाहा. सर्व्हरची वायर काढाल, तर सर्व्हरला बिघाड लगेच कळेल आणि परीक्षा खोटी ठरेल. साइटच्या नावाच्या डीएनएसमध्ये दुसरा पत्ता आहे ना, हेही बघा.

दुसऱ्या नेटचं बिल दरमहा भरलं, म्हणजे सोय झाली असं नाही. उत्तरही त्याच वाटेने परत जात असेल, तरच ते अडीअडचणीला कामाचं.