कवचबीजाच्या चमच्यात काय असतं?

चिपळूणला माझं औषधांचं दुकान आहे. कंपवाताच्या रुग्णांची मुलं-सुना चिठ्ठी घेऊन येतात, लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या घेतात आणि पैसे देता देता विचारतात, "काका, सोबत कवचबीजाचं चूर्ण दिलं तर? झाडपाल्याचंच आहे, अपाय नाही ना?" अशांना मी आधी बसायला सांगतो.

कवचबीज म्हणजे आपल्या कुंपणांवर चढणाऱ्या खाजकुयलीचं बी. आयुर्वेदात ते फार पूर्वीपासून वापरात आहे. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळी काढली. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि लेव्होडोपापासून मेंदू डोपामिन बनवतो, याचा उलगडा तेव्हा व्हायचा होता. तोंडावाटे मोठ्या मात्रेत ती देऊन रुग्णांना उठवलं ते अमेरिकेतल्या कोट्झियास यांनी, १९६७ मध्ये. म्हणजे गोळीतलं औषध आणि बियांतलं द्रव्य एकच!

म्हणूनच या चूर्णाला मी पूरक म्हणत नाही, औषधच म्हणतो. बियांत साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असते. ५ ग्रॅमच्या चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम झाली. नेहमीच्या एका गोळीत असते १००. नुसतं चूर्ण घेतलं तर तिचा बराचसा भाग मेंदूत पोचण्याआधीच मोडतो, मळमळ होते. ती मोडू नये यासाठीच गोळीत कार्बिडोपा असते. पण गोळी चालू असताना वर चूर्ण घेतलं, की चूर्णातली लेव्होडोपाही त्या कार्बिडोपामुळे टिकते. मग हातपाय आपोआप वळवळतात, उभं राहताना रक्तदाब उतरून तोल जातो, कुणाला नसलेली माणसं दिसतात. शिवाय प्रत्येक डब्यातलं प्रमाण सारखं नसतं.

बी गुणकारी आहे, याबद्दल मला शंका नाही. लंडनमध्ये २००४ साली ८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. नंतरच्या एका चाचणीत मात्र १४ पैकी ७ जणांनी चूर्ण मध्येच सोडलं, कुणी पोटाच्या त्रासामुळे, कुणी हालचाल बिघडल्यामुळे. अश्वगंधा, ब्राह्मी, हळद यांचे दाखले बहुतेक उंदरांवरचे आहेत. त्यांच्या भरवशावर महिन्याचे पैसे घालवावेत असं मला वाटत नाही. बद्धकोष्ठ या आजारात फार छळतं, तिथे इसबगोल भरपूर पाण्यातून घ्यावं, गोळीच्या वेळेपासून अंतर ठेवून.

चूर्ण सुरू केलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका. अंग ताठरून ताप चढतो, जिवावर बेततं. घरात चूर्ण चालू असेल तर पुढच्या भेटीला डबा सोबत न्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांना, वैद्यांनाही, तो दाखवा.